वॉशिंग मशीनचं फाउंडेशन

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबावं लागणार नाही. आता हे मी नाही सांगितलं तर आमचे तात्या सांगणार, आणि तात्यांच्या तोंडून ऐकलंत तर मी आहे त्याच्यापेक्षा दुप्पट येडा निघतो. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा उकळतोय तोवर होईल सांगून.

आम्ही पळसदेवच्या बाजूचे. रानातच घर, आजूबाजूला भावकीची चार घरं. वस्तीवर कुणाची मोटार बसू दे, फवारणीचा पंप रुसू दे, हाक एकच, "संपतला बोलवा!" तर तो संपत म्हणजे मी. शिकलो त्यातलं काहीच नाही, पण हात चालतो. समोर येईल ते खोलायचं आणि परत जोडायचं. जोडताना एखाददुसरा नट उरतो, नाही असं नाही. पण यंत्र चालू होतं ना? मग झालं तर!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळींचं, म्हणजे मंगलचं, उजवं मनगट सुजलं. इंदापूरला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं मनगट इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं आणि म्हणाला, "ओले कपडे पिळायचं आजपासून बंद. नाही ऐकलं तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हटल्यावर मंगलचा चेहरा एवढासा झाला. मला कसंतरीच वाटलं हो. इतकी वर्षं माझे चिखलात लोळलेले कपडे तिनंच पिळले, दुसरं कोण होतं? मी तिथंच, डॉक्टरच्या समोर, छाती काढून बोललो, "डॉक्टर, हिथनं पुढं हिनं धुण्याला हात लावला तर नावाचा संपत न्हाय. मशीनच आणतो!"

"आन मशीन येऊन चालू हुईस्तवर?" मंगलनं विचारलं.

"तवर मी हाय की!"

बोलून बसलो. तुम्हाला सांगतो, पुरुषानं दवाखान्यात कधी तोंड उघडू नये.

दुसऱ्या दिवसापासून मी धुण्याला. गोठ्यामागच्या हौदावर बसायचो, म्हणजे रस्त्यावरून दिसत नाही. पण वस्तीवर काही झाकून राहतं का? खुरपायला निघालेल्या बाया मुद्दाम वाट वाकडी करून गोठ्यामागून जायला लागल्या. तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, ते तर खुर्चीच घेऊन आले.

"संपत, परकराचा फेस न्हाय गेला बग अजून."

"तात्या, तुमाला रानात काम न्हाय का?"

"हाय की. पर ह्ये बगण्यासारखं न्हाय."

म्हणजे बघा, मशीन ही माझ्यासाठी चैन नव्हती. तिचा हात वाचवायचा होता आणि मला हौदावरून उठायचं होतं. त्याच आठवड्यात जाऊन मशीन घेऊन आलो. समोरून काचेचं दार असलेलं, भारीतलं. कारण आमच्या सोनालीच्या सासरी, सुप्याला, व्याह्यांकडे तसंच आहे. मुलीच्या सासरी काचेचं आणि आमच्याकडे वरून झाकणाचं, हे बरं दिसतं का?

दुकानदार म्हणाला, "चालू करू नका हां. कंपनीचा माणूस दोन-तीन दिवसांत येईल, तो बसवून देईल."

दोन-तीन दिवस! म्हणजे दोन-तीन दिवसांचं धुणं! आणि विहिरीतून मोटार एकट्यानं वर ओढणाऱ्या माणसाला कपडे धुवायचं मशीन बसवायला कंपनीचा माणूस? पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप आणि एक वायर. यात बसवायचं काय आहे? ठिबकचे उरलेले जोड होतेच घरात. तासाभरात मोरीत मशीन उभं केलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला तर त्याला मोठ्या मनानं सांगितलं, "बसवलंय आमी. तुमी कशाला उन्हाचं येताय?"

मग मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. मशीनबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं. मंगल ते उघडत होती, तेवढ्यात मी तिच्या हातातून घेतलं, त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. पुस्तकाला पाय लागू नये ही शिकवण आहे आपल्याला. वाचावं ही शिकवण कुठल्या घरात दिलीय सांगा.

नाही, खरं सांगा ना! तुमच्यापैकी कुणी मिक्सरचं पुस्तक वाचलंय? इन्व्हर्टरचं? आधी पंधरा भाषांमधून मराठी हुडकायची. ती सापडली की पानंच्या पानं, मशीन पावसात ठेवू नका, मशीनवर उभे राहू नका, मशीनमध्ये बसू नका. अरे, मशीनमध्ये कोण बसतंय? पुढं वाचायला जावं तर ती मराठी अशी की ज्यानं लिहिली त्यानं कधी मराठी माणूस बघितला नसावा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पुस्तक उघडायचं तर बायकोसमोर. म्हणजे मला हे येत नाही असं सरळ कबूल करायचं. त्यापेक्षा मशीन जळलेलं परवडलं!

तर चालू केलं. पाणी भरलं, कपडे काचेतून गोल फिरायला लागले. मंगल पाटावर बसून टीव्ही बघितल्यासारखं बघत होती. "अवो, तुमचा सदरा बगा, कसा वर येतोय," म्हणाली आणि हसली. तिचं दुखरं मनगट मांडीवर निवांत पडलं होतं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. म्हटलं, संपत, आयुष्यात एक काम नीट केलंस.

आणि पिळायची वेळ आली.

आधी नुसतं घरघरलं. मग थडथडलं. मग एकदम ट्रॅक्टर दगडावर चढावा तसं उसळलं आणि मशीन जागा सोडून मंगलकडे निघालं! मंगल पाट टाकून स्वयंपाकघरात पळाली. मशीन तिच्या मागं! पाइप तुटला, मोरीभर फेस. मी झेप घेतली आणि मशीनवर बसलो. मला घेऊन निघालं की हो ते!

"बटन दाब!" मी ओरडलो.

"कुठलं?"

"कुठलंबी दाब!"

"आन तुमी वरनं उतरा की आधी!"

शेवटी तिनंच वायर उपटली. मशीन थांबलं. मी थांबलो तरी दात वाजतच होते.

"अवो," मंगल दम खात म्हणाली, "त्या पुस्तकात काय लिवलंय बगूया का?"

"पुस्तकात काय असतंय? नट ढिलं असतील."

आमच्याकडे साधा हिशेब आहे. जे हलतं ते ढिलं, आणि जे ढिलं ते आवळायचं. ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना आणला, मशीन फिरवलं, तर मागं चार मोठे बोल्ट! म्हटलं, सापडला चोर. चारही असे आवळले की पाना हातात वळला. वर एकेक वायसर जादा घातला.

परत चालू केलं. या वेळी मोरीतून थेट पडवीत आलं.

तात्या तिथं होतेच. ते म्हणाले, "ह्येला दावं लाव." आता थोरल्या माणसाचा शब्द मोडवत नाही. बैलाचं दावं आणलं, मशीनला दोन वेढे दिले आणि खिडकीच्या गजाला बांधलं. मशीन राहिलं जागेवर. खिडकीचा गज आला बाहेर.

"मग आता पुस्तक..." मंगलनं परत काढलंच.

"तू जरा गप बस गं. सुप्याला जाऊन येतो. व्याह्यांचं मशीन कसं उभं हाय ते बगतो."

"मी बी येते, सोनालीला बघून हुईल."

गेलो. आमचे व्याही दिनकरराव म्हणजे भला माणूस. माझ्याबद्दल त्यांना फार आदर, मी मोटार खोलतो म्हणून. त्यांच्याकडे बघतो तर मशीन मोरीच्या कोपऱ्यात पिळत होतं आणि वर विहीणबाईंनी चहाचा कप ठेवला होता. कपातला चहा हलत नव्हता! मी मशीनच्या मागं डोकावलो आणि दचकलो. मागं नुसती भोकं! एक बोल्ट नाही!

"दिनकरराव, ह्येचं बोल्ट कुठायत?"

"ते व्हय? कंपनीच्या माणसानं काढून दिलं की. ठेवल्यात डब्यात."

"काढून दिलं? आन तुमी काढू दिलं?" मी कपाळाला हात लावला. "दिनकरराव, कंपनी काय खुळी हाय? उगं चार-चार बोल्ट फुकट लावंल व्हय? त्यो परत लावायचा कटाळा करून गेला!"

मंगलनं मला मागून ओढलं आणि कानात म्हणाली, "अवो, ह्यांचं बोल्ट न्हाईत तर चाललंय. आपलं हाईत तर नाचतंय. जरा इचार करा की."

तुम्हाला पटलं ना? मलाही आता पटतंय. तेव्हा मात्र मी तिला डोळे वटारले. मुलीच्या सासरी नवऱ्याचा शब्द खोडायचा म्हणजे काय!

दिनकररावांनी डबा आणला, मी गाडीतला पाना आणला आणि धुणं होऊन मशीन थांबल्यावर चारही बोल्ट स्वतःच्या हातानं घट्ट बसवून दिले. दिनकरराव हात जोडून म्हणाले, "संपतराव, तुमी आलाव म्हणून कळलं."

परतीच्या वाटेवर माझं डोकं चालायला लागलं. त्यांचं मशीन बोल्ट नसताना उभं, आमचं असून हलतंय, का? आणि लक्कन उजेड पडला! सुप्याची जमीन मुरमाड. आमची धरणाकाठची काळी. काळ्या रानात विजेचे खांब वाकडे होतात, घराच्या भिंती तडकतात, तिथं मशीन कसं ठरंल? चूक मशीनची नव्हतीच. चूक अशी होती की आम्ही मोटारीला फाउंडेशन घालतो आणि मशीनला घातलं नव्हतं.

झालं! बबन गवंड्याला बोलावला. मोरीची फरशी फोडली, खड्डा घेतला, सळई टाकली, खडी-वाळू-सिमेंट भरलं. मशीनचे चारही पाय ओल्या काँक्रीटमध्ये चांगले बोटभर रुतवले, वरून लोखंडी पट्टी टाकून तीही बोल्टनं धरली. मागून हलायला नको म्हणून पाठ भिंतीला पार टेकवली.

बबन म्हणाला, "दादा, मी पाण्याच्या टाक्या बांधल्या, समाध्या बांधल्या. ह्ये पयल्यांदाच."

सिमेंट धरेपर्यंत मी रोज कट्ट्यावर पाणी मारत होतो आणि हौदावर धुणं धूत होतो. एव्हाना माझा हात बसला होता. साबण कुठल्या कापडाला किती लागतो ते बाया मला विचारायच्या. खरं विचारत होत्या की चेष्टा करत होत्या, ते मला कळलं नाही.

सोनालीचा फोन आला तेव्हा तिलाही कौतुकानं सांगितलं, "फाउंडेशन घातलंय! आता दहा वर्सं बगायला नको."

मुहूर्ताला वस्तीवरच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. मोरी केवढीशी, निम्मे लोक दारात उभे. तात्यांना पुढं खुर्ची. मी बटण दाबलं. पाणी भरलं, कपडे फिरले, आणि पिळायला सुरुवात झाली.

मशीन हललं नाही. तसूभरही नाही!

घर हललं.

मांडणीवरची भांडी एकेक करून खाली यायला लागली. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजायला लागली. तात्या खुर्चीसकट दाराकडे सरकत निघाले. कुणीतरी "भूकंप, भूकंप!" म्हणून ओरडलं, आणि घरातला भूकंप म्हणून सगळे अंगणात धावले. मी मात्र मशीनकडे बोट दाखवून ओरडत होतो, "पर मशीन बगा की! मशीन हाललं का?"

मंगलनं वायर उपटली. या वेळी ती काही विचारायला थांबली नाही. सरळ देव्हाऱ्याकडे गेली, पुस्तकावरचं हळदकुंकू पदरानं झटकलं, चष्मा लावला आणि अंगणात सगळ्यांच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली.

"मशीनच्या मागील चार बोल्ट हे फक्त वाहतुकीसाठी आहेत. मशीन सुरू करण्यापूर्वी ते काढून टाकावेत. न काढल्यास मशीन जोरात हलेल."

मग तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. मराठी वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रही होतं. चार बोल्ट, त्यावर लाल फुली आणि शेजारी नाचणारं मशीन.

तात्यांनी विचारलं, "कितव्या पानावर हाय गं?"

"पयल्याच," मंगल म्हणाली.

तात्या असे हसले, असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाकीच्यांनी पाण्याचीही वाट बघितली नाही. बबन गवंडी तेवढा हसला नाही. त्यानं हळूच विचारलं, "दादा, ते बोल्ट मागच्या अंगाला हाईत का?"

मागच्या अंगाला! म्हणजे भिंतीकडं! आणि पाय काँक्रीटमध्ये! पाना तर सोडाच, काडी जायला जागा नव्हती. मग काय, ज्या हातांनी पाणी मारून कट्टा पक्का केला त्याच हातांनी घण घेतला. बबननं काम फार चोख केलं होतं हो, मेला कट्टा फुटता फुटेना.

शेवटी मशीन बाहेर काढलं, चार बोल्ट काढले, साध्या फरशीवर उभं केलं आणि लावलं. पिळायला लागलं तरी नुसतं गुणगुणल्यासारखा आवाज. मंगलनं त्याच्यावर हात ठेवला, तोच, सूज उतरत आलेला. मला वाटलं आता बोलेल चार शब्द, आणि ऐकून घ्यायची माझी तयारीही होती. पण ती एवढंच म्हणाली, "झालं बरं बाई." मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. तिचा हात सुटला, मी हौदावरून सुटलो.

तेवढ्यात फोन वाजला. दिनकरराव, सुप्याहून.

"संपतराव, तुमचं उपकार कसं फेडायचं ओ?"

"काय झालं?"

"आवं, तुमी बोल्ट लावून गेलाव आन दुसऱ्याच दिवशी आमचं मशीन हालाय लागलं! मोरीतनं पार भाईर सोप्यात आलं चालत. म्हंजी तुमी आधीच वळखलं व्हतं! बोल्ट नसतं तर घराभाईरच गेलं असतं. मंग सोनाली म्हणाली, माज्या वडलांनी फाउंडेशन घातलंय. तवा आमी बी घातलं. तुमच्यापरीस दुप्पट जाड! वरनं फरशी बी बसवली. आता तुमच्याच हातनं नारळ फोडायचा, मगच चालू करायचं. धुणं साठलंय लई, पर म्हटलं संपतराव येऊ देत."

मी नुसता "अं, अं" करत होतो. मंगलनं माझ्या हातातून फोन घेतला. पलीकडे विहीणबाई आल्या असाव्यात.

"काय काळजी करू नगा बाई," मंगल गोड आवाजात म्हणाली. "ह्ये येत्यात उद्या सकाळच्यालाच. कट्टा फोडत्यात, बोल्ट काढत्यात. आन साठलेलं धुणं बी ह्येच धुवून देत्यात. न्हाय न्हाय, त्येला काय, चांगला हात बसलाय त्यांचा."

गेलो हो! न जाऊन सांगतो कुणाला? दुप्पट जाड कट्टा फोडला आणि त्यांच्या अंगणात धुण्याला बसलो. मुलीच्या सासरी मुलीचा बाप फेसात कोपरापर्यंत, सोनाली दाराआड तोंडात पदर कोंबून. दिनकररावांना सुरुवातीला फार संकोच वाटला बिचाऱ्यांना. "असू द्या पाव्हणं, ऱ्हाऊ द्या पाव्हणं," चाललं होतं. मग चहाचा कप घेऊन जवळच खुर्चीवर बसले, मी घासत होतो तो आपला पांढरा सदरा थोडा वेळ निरखला, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "पाव्हणं, कॉलर जरा आणखी घासा की. मशीनमदी लई सोच्छ निघायची."